प्रेसच्या लहान वर्कशॉपमध्ये सुरक्षेची सुरुवात नेमकी कोठून करावी?

प्रश्न: प्रेसवाला, भोसरी

नमस्कार. भोसरी एमआयडीसीमध्ये माझा लहान गाळा असून तेथे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या प्रेसवर वाहनांच्या सुट्या भागांचे जॉबवर्क चालते. एकूण १४ कामगार आहेत. सहा जुन्या की-क्लचच्या प्रेस, हवेच्या दाबावर चालणाऱ्या न्यूमॅटिक क्लचच्या दोन प्रेस, दोन स्पॉट वेल्डिंग मशीन, एक पिलर ड्रिल, एक बेंच ग्राइंडर आणि कॉम्प्रेसर अशी यंत्रसामग्री आहे. आम्ही ज्या कंपनीला माल पुरवतो तिचे लोक पुढच्या तिमाहीत सुरक्षेची पाहणी करण्यासाठी येणार आहेत. त्यासाठी एका सल्लागाराने तयार फाइल देऊ केली आहे. तिच्यात सुरक्षा धोरण, धोक्यांची नोंदवही, प्रशिक्षणाची हजेरीपत्रके आणि भिंतीवर लावायचे फलक असे सर्व काही आहे. फाइल लागेल तेव्हा मी ती करीनच, परंतु केवळ तेवढ्यावर थांबण्याची माझी इच्छा नाही. आमच्याच गल्लीत अलीकडे एका तरुण ऑपरेटरची दोन बोटे प्रेसखाली गेली. तेव्हापासून आपल्याकडे असे घडूच नये यासाठी काय करता येईल, हा विचार मनातून जात नाही.

या वर्षी सुरक्षेसाठी मी साधारण तीन लाख रुपये बाजूला काढू शकतो. एका विक्रेत्याने आठही प्रेसना लाइट कर्टन (हात आत जाताच यंत्राला थांबण्याचा संदेश देणारा प्रकाशकिरणांचा पडदा) बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे, पण सगळे पैसे त्यातच संपतील. दोन प्रेसना आम्ही पूर्वी जाळीचे गार्ड बनवून घेतले होते, परंतु ऑपरेटर ते काढून ठेवतात आणि मी गाळ्यावर आलो की परत लावतात. पैसे आधी कोठे घालावेत, गार्ड जागेवर कसे टिकवावेत आणि १४ कामगारांच्या गाळ्याला नेमका कोणता कायदा लागू होतो, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: निवृत्त सुरक्षा अधिकारी, चिंचवड

आपण फाइलच्या आधी यंत्रांचा विचार करत आहात, हे पाहून समाधान वाटले. सर्वांत आधी लाइट कर्टनविषयी लिहितो, कारण तेथे आपले पैसे वाया जातील आणि त्याहून वाईट म्हणजे खोटा भरवसा निर्माण होईल.

की-क्लचच्या प्रेसमध्ये फ्लायव्हील क्रँकशाफ्टवर मोकळे फिरत असते. पेडल दाबले की खटका सरकतो, की फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि शाफ्ट त्याच्याबरोबर एक पूर्ण फेरा घेतो. तो फेरा सुरू झाल्यावर मध्येच थांबवण्याची कोणतीही सोय त्या रचनेत नाही. त्यामुळे प्रकाशकिरण तुटून कर्टनने संदेश दिला तरी स्लाइड, म्हणजे प्रेसचा वर-खाली होणारा भाग, खाली येणारच. आपल्या सहाही जुन्या प्रेसना लाइट कर्टन निरुपयोगी आहे आणि विक्रेत्याने हे सांगितले नसेल तर त्याच्याकडून काहीही घेऊ नये. न्यूमॅटिक क्लचची प्रेस स्ट्रोकच्या, म्हणजे स्लाइडच्या एका फेऱ्याच्या, मध्ये थांबू शकते, म्हणून त्या दोन प्रेसना कर्टन अवश्य बसवावा. मात्र तो डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) किती अंतरावर बसवायचा, हे प्रेस थांबायला किती वेळ घेते ते मोजूनच ठरवावे लागते. हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरतात. प्रेस पूर्ण थांबण्यास ०.२ सेकंद लागत असतील तर कर्टन डायपासून किमान ४०० मिलिमीटर दूर हवा आणि त्यात कर्टनच्या प्रकारानुसार आणखी काही भर घालावी लागते. ब्रेकचे लायनर झिजले की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून हे मोजमाप दर वर्षी पुन्हा करून घ्यावे.

जुन्या प्रेससाठी खरा उपाय एकच आहे. डायच्या जागेत बोट जाऊच शकणार नाही, अशी व्यवस्था करणे. पत्र्याच्या पट्टीतून ब्लँकिंग (तुकडा कापून काढणे) किंवा पिअर्सिंग (भोक पाडणे) होत असेल तर डायभोवती पूर्ण बंदिस्त गार्ड बसवता येतो आणि त्यात पट्टी आत जाण्यापुरतीच फट ठेवायची असते. ती फट ६ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, म्हणजे बोट शिरत नाही. गार्ड प्रेसला न लावता डायलाच बोल्टने जोडावा. डाय बदलली की गार्डही तिच्याबरोबर बदलतो आणि तो काढून ठेवण्याचे निमित्तच उरत नाही. समोरच्या बाजूला पॉलिकार्बोनेटची पारदर्शक तावदाने लावली तर ऑपरेटरला पट्टी दिसते. ‘दिसत नाही म्हणून गार्ड काढला’ ही तक्रार बहुतेक वेळा खरी असते. असा एक गार्ड आपल्या परिसरातील कोणताही चांगला फॅब्रिकेटर बनवून देईल आणि तो कर्टनच्या तुलनेत फारच स्वस्त पडेल.

दोन्ही हातांनी दाबायची बटणे जुन्या प्रेसवर बसवणारे बरेच जण आहेत. त्यांचा थोडा उपयोग होतो, परंतु तेवढ्यावर विसंबू नये. कीचा कोपरा झिजला, स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल झाला तर प्रेस न सांगता दुसरा स्ट्रोक मारते आणि त्या वेळी ऑपरेटरचे हात बटणावर नसून तयार जॉब उचलण्यासाठी डायमध्ये असतात. प्रेसवरील पुष्कळ अपघात याच दुसऱ्या स्ट्रोकमुळे होतात. म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एका ठरलेल्या, शिकवलेल्या माणसाने की, स्प्रिंग, खटका आणि ब्रेक तपासावेत, डायमध्ये काहीही न ठेवता काही स्ट्रोक मारून स्लाइड प्रत्येक वेळी वरच्या टोकाला नेमकी थांबते का ते पाहावे आणि नंतरच सही करावी. स्लाइड थांबण्याच्या जागेच्या पुढे सरकत असेल तर त्या दिवशी ती प्रेस बंद ठेवण्याचा अधिकार त्या माणसाला असला पाहिजे, मग डिस्पॅच थांबला तरी चालेल.

डाय सेटिंगचा, म्हणजे डाय बसवताना-बदलताना होणारा, धोका वेगळा असून त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील काही मिनिटे फिरत राहते आणि त्या काळात पेडलवर चुकून पाय पडला तरी स्ट्रोक बसतो. सेटरने फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, मेन स्विचला स्वतःचे कुलूप लावून किल्ली खिशात ठेवावी आणि स्लाइडला अडवणारा सेफ्टी ब्लॉक तिच्याखाली उभा करावा. पेडलवर वरून व बाजूंनी झाकण हवे, म्हणजे पडलेला जॉब किंवा स्क्रॅपचा तुकडा त्यावर आदळून स्ट्रोक बसणार नाही.

पहिले पैसे सहा जुन्या प्रेसच्या गार्डवर, क्लचच्या दुरुस्तीवर आणि पेडलच्या झाकणांवर घालावेत. दोन कर्टन त्यानंतर घ्यावेत. फलक, हेल्मेट आणि फाइल यांचा क्रम त्याच्याही नंतरचा आहे.

उत्तर २: प्रेस सुपरवायझर, चाकण

मी प्रेसवर हेल्पर म्हणून लागलो आणि आता सुपरवायझर आहे, त्यामुळे गार्ड का निघतो याविषयी थोडे लिहितो. साहेबांनी सांगितलेली यंत्राची बाजू शंभर टक्के बरोबर आहे. परंतु मालकांनी ऑपरेटरला शिस्त नाही असे समजून सुरुवात केली तर काहीच हाती लागणार नाही.

ऑपरेटरला पाळीत किती नग काढायचे हे ठरवून दिलेले असते आणि त्यापुढच्या नगांवर त्याला जादा पैसे मिळतात. गार्डमुळे प्रत्येक नगाला एक-दोन सेकंद जास्त लागत असतील तर पाळीच्या शेवटी त्याच्या हातात कमी पैसे पडतात. ठेकेदारामार्फत आलेल्या मुलाला तर उद्या बोलावतील की नाही याचीही खात्री नसते. अशा वेळी तो पाना घेऊन गार्ड काढणार, हे मालकांनी गृहीत धरले पाहिजे. दोन बटणांपैकी एकावर लाकडाचा तुकडा दाबून वर चिकटपट्टी गुंडाळलेली मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. म्हणून बटणांची जोडणी अशी करून घ्यावी की दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली तरच स्ट्रोक बसेल आणि दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक बसणारच नाही. मग चिकटपट्टी लावून काही उपयोग होत नाही.

नगांचे उद्दिष्ट मात्र गार्ड लावून, घड्याळ लावून नव्याने मोजावे आणि ते आकडे कामगारांसमोर ठरवावेत. मालकांचे पुष्कळ नुकसान गार्डमुळे होत नाही. पट्टी लांबून आणण्यात, स्क्रॅपची पेटी भरून वाहू लागल्यावर ती ओढण्यात आणि डाय शोधण्यात वेळ जातो, तो कमी केला तर गार्डचे सेकंद भरून निघतात. आमच्याकडे पट्टी ठेवण्याचा घोडा ऑपरेटरच्या कंबरेच्या उंचीवर आणला आणि तयार नग घसरून पेटीत पडतील अशी पत्र्याची चूट बसवली. त्यामुळे वाकणे थांबले आणि उत्पादनही कमी झाले नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो. पाळीचे शेवटचे दोन तास आणि ओव्हरटाइम या वेळेत नवख्या मुलाला प्रेसवर बसवू नये. रात्री सेटर नसताना डायमध्ये नग अडकला तर तो बोटाने काढण्याचा मोह होतो. प्रत्येक प्रेसच्या बाजूला लोहचुंबकाची दांडी आणि पितळेचा लांब चिमटा साखळीने बांधून ठेवावा. प्रशिक्षण द्यायचे तर ते मुलगा ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत, त्याच्याच मशीनसमोर उभे राहून द्यावे. आमच्याकडे बिहार, ओडिशा आणि मराठवाड्यातील मुले आहेत, त्यांना मराठीत किंवा इंग्रजीत छापलेला कागद सहीसाठी पुढे करणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

उत्तर ३: लघुउद्योजिका, सातपूर

माझे युनिट नाशिकमध्ये असून आकाराने तुमच्याएवढेच आहे. कायद्याच्या बाजूविषयी लिहिते, कारण याबाबत लहान उद्योजकांमध्ये ‘आपल्याला काही लागू होत नाही’ असा मोठा गैरसमज आहे.

१९४८ च्या कारखाने अधिनियमात वीज वापरणाऱ्या ठिकाणी १० कामगार ही मर्यादा होती. महाराष्ट्राने ती पुढे २० केली आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेतही ‘कारखाना’ ठरण्यासाठी वीज असल्यास २० व नसल्यास ४० कामगार हीच मर्यादा आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. १४ कामगारांचा गाळा त्या व्याख्येनुसार कारखाना ठरत नाही हे खरे, पण १० किंवा अधिक कामगार असलेली प्रत्येक ‘आस्थापना’ या संहितेच्या कक्षेत येते. म्हणजे आस्थापनेची नोंदणी, प्रत्येकाला नियुक्तिपत्र, कामाची जागा धोक्यापासून मुक्त ठेवणे आणि गंभीर अपघाताची सूचना देणे ही कर्तव्ये तुमच्यावरही आहेत. सुरक्षेसाठी दिलेल्या कोणत्याही वस्तूचे किंवा तपासणीचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, हेही त्यात स्पष्ट आहे. बुटांचे पैसे पगारातून कापणाऱ्यांनी याची दखल घ्यावी. ठेकेदाराचे कामगार मोजायचे नाहीत अशी पळवाट कोणी सुचवली तर ती मानू नका. नोंदणीचे आणि राज्याच्या नियमांचे तपशील औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या पुण्यातील कार्यालयात प्रत्यक्ष विचारून घ्यावेत. तेथे जायला आपण उगाच घाबरतो. प्रेसच्या गार्डविषयी मी अशाच कार्यालयात जाऊन विचारले होते आणि मला नीट उत्तरे मिळाली.

कर्मचारी राज्य विमा योजना १० कामगारांपासून लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या प्रत्येकासाठी मालकाचे अंशदान ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के आहे. कामावर इजा झाली तर या योजनेतून उपचार मिळतात, बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि बोट गेले असेल तर कायमस्वरूपी अपंगत्वाचा लाभ आयुष्यभर मिळतो. यासाठी किती महिने अंशदान भरले अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क असतो. त्यामुळे नोंदणी पहिल्याच दिवशी करा. ‘महिनाभर मुलगा टिकतो का पाहू, मग नाव घालू’ ही पद्धत आपल्याकडे फार रुजली आहे आणि अपघात नेमका त्याच नवख्या मुलाला होतो. मग घाईघाईने मागची तारीख घालण्याचे प्रकार होतात, ज्यात मुलाचा लाभही अडकतो आणि मालकही गुन्ह्यात सापडतो.

पैशांविषयी एक सुचवते. आमच्या गल्लीतील काही युनिटनी मिळून एक सुरक्षा अधिकारी ठरावीक दिवशी येईल अशी व्यवस्था केली असून खर्च वाटून घेतला आहे. एकट्या युनिटला असा माणूस परवडत नाही, परंतु एकत्रितपणे परवडतो. शिवाय एका गाळ्यात बसवलेला चांगला गार्ड दुसऱ्या गाळ्यातील मालक स्वतः येऊन पाहतो, हा फायदा वेगळाच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने लहान उद्योगांसाठी १९८० च्या दशकात तयार केलेल्या ‘वाइज’ या पद्धतीचा गाभाही हाच आहे. कमी खर्चाच्या सुधारणा, शेजाऱ्याच्या चांगल्या उदाहरणावरून शिकणे आणि सुरक्षेबरोबर उत्पादनाचाही विचार करणे हे तिचे सूत्र आहे. सुपरवायझरच्या प्रशिक्षणासाठी शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आणि नवी मुंबईतील राष्ट्रीय सुरक्षा परिषद या दोन्ही संस्थांचे अभ्यासक्रम आहेत. एका विश्वासू माणसाला तरी पाठवावे.

आणि कृपया मागचे दार तपासा. तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी केकवरील फुलबाज्या तयार करणाऱ्या लहान शेडला आग लागून तेथे काम करणाऱ्या महिलांचे प्राण गेले. तुमच्याकडे स्फोटक दारू नसली तरी ऑइल, थिनर आणि पुठ्ठ्याची खोकी असतातच. मागच्या दारापुढे स्क्रॅपचे पिंप ठेवलेले असेल तर ते आजच हलवावे.

प्रश्नकर्त्याचे उत्तर: प्रेसवाला, भोसरी

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. आज सकाळी सहाही प्रेसवर रिकामे स्ट्रोक मारून पाहिले. त्यांपैकी एकीची स्लाइड वरच्या टोकाच्या पुढे सरकत होती. ती प्रेस बंद केली असून ब्रेक लायनर आणि की बदलण्यास सांगितले आहे. विक्रेत्याला सहा प्रेसचा कर्टन रद्द केल्याचे कळवले. नगांचे उद्दिष्ट नव्याने मोजण्याचे काम सोमवारपासून करणार आहोत.

एक अडचण मात्र उरते. ब्लँकिंगच्या डायना बंदिस्त गार्ड बसेल, हे समजले. परंतु एका ब्रॅकेटला दुसऱ्या प्रेसवर बेंडिंग करावे लागते आणि तेथे प्रत्येक ब्लँक हाताने डायमध्ये ठेवून वाकल्यावर हाताने काढावा लागतो. बंदिस्त गार्ड लावला तर काम होणारच नाही. अशा ठिकाणी काय करतात?

उत्तर ४: निवृत्त सुरक्षा अधिकारी, चिंचवड

एक प्रेस बंद ठेवलीत, हे फार चांगले केलेत.

बेंडिंगसाठी तीन मार्ग आहेत. पहिला सरकत्या फीडचा. डायच्या समोर एक छोटी सरकपट्टी बसवायची, ऑपरेटरने ब्लँक बाहेर, गार्डच्या अलीकडे, तिच्या खाचेत ठेवायचा आणि दांडा ढकलून तो डायमध्ये न्यायचा. खाच डायच्या पिनशी जुळवून घेतली की ब्लँक दर वेळी त्याच जागी बसतो, त्यामुळे तिरके बेंड होऊन रिजेक्ट होणारे नगही कमी होतात. वाकलेला नग स्प्रिंग पिनने उचलून हवेच्या झोताने मागच्या चूटमध्ये टाकता येतो. मात्र हवेच्या झोताचा आवाज फार असतो, म्हणून नोझलला सायलेन्सर लावावा आणि दाब गरजेपुरताच ठेवावा. या व्यवस्थेत हात गार्डच्या आत जाण्याची वेळच येत नाही.

नगाचा आकार असा असेल की सरकपट्टी जमत नाही, तर क्लचशी जोडलेले फाटक बसवावे. फाटक पूर्ण खाली आल्याशिवाय खटका सुटत नाही आणि स्लाइड वर येऊन थांबल्याशिवाय फाटक उघडत नाही, अशी ती यांत्रिक जोडणी असते. ती नीट बसवायला अनुभवी माणूस लागतो. तिसरा पर्याय म्हणजे हे एकच काम न्यूमॅटिक प्रेसवर हलवणे, जेथे कर्टनचे संरक्षण मिळते. आपल्याकडे अशा दोन प्रेस आहेत, तेव्हा कामांची वाटणी नव्याने करून पाहावी. जेथे हात आत घालावाच लागतो ती कामे न्यूमॅटिक प्रेसवर आणि पट्टीची कामे की-क्लचवर, असे केल्यास खर्चाशिवायच मोठा धोका कमी होईल. फाटकाची जोडणी होईपर्यंत बेंडिंगचे काम जुन्या प्रेसवर चालू ठेवू नये, ही विनंती.

उत्तर ५: व्यावसायिक आरोग्यतज्ज्ञ, पिंपरी

यंत्रांविषयी जाणकारांनी लिहिलेच आहे, मी आरोग्याच्या दोन बाबी जोडतो.

पहिली बाब आवाजाची. हाताच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल तर तेथे आवाज ८५ डेसिबलच्या पुढे गेला आहे असे समजावे. आपल्याकडील नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा असली तरी कानाचे नुकसान त्याआधीच सुरू होते. ते प्रथम ४००० हर्ट्झच्या आसपास होते, त्यामुळे माणसाला बोलणे ऐकू येत राहते आणि आपले कान बिघडत आहेत हे त्याला बऱ्याच उशिरा कळते. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. म्हणून नव्या कामगाराची श्रवणचाचणी कामावर घेतानाच करावी आणि पुढे दर वर्षी तिच्याशी तुलना करावी. प्रेसखाली कंप शोषणारे पॅड, चूटला आतून रबर आणि सैल पत्रे घट्ट करणे यांनी आवाज बराच कमी होतो. कानातील बोळे त्यानंतर द्यावेत.

दुसरी बाब प्रथमोपचाराची. बोट तुटल्यास जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात हृदयाच्या पातळीच्या वर ठेवावा. तुटलेला भाग किंचित ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर किंवा थेट पाण्यात ठेवल्यास पेशी खराब होतात आणि जोडण्याची शक्यता कमी होते. डायमध्ये अडकलेला भाग शोधण्यासाठी प्रेस पुन्हा चालवू नये. वीज बंद करावी आणि फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावरच तो भाग काढावा. तुटलेले बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात रात्रीही होते, हे आजच फोन करून विचारावे आणि तो क्रमांक प्रथमोपचार पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. पेटीला कुलूप लावू नये. दोन्ही पाळ्यांत प्रथमोपचार शिकलेला किमान एक जण हजर असेल, असे हजेरीचे नियोजन करावे.